आधी धुरा, मग मशीन

वाचकाचं पत्र

ताई, मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावची. वय २३. अमरावती विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, ७१ टक्के. घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. २०१७ मध्ये मी नववीत होते. मोठे काका फवारणी करून आले अन् रात्री घामानं भिजले, तोंडातून लाळ, उलट्या. यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध होतं? कोणालाच सांगता आलं नाही. बाटली धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडलेली, लेबल निघालेलं. काका वाचले, पण अजून हात थरथरतात. ती बाटली मी कोठ्यातल्या माळ्यावर ठेवली आहे.

एम.एस्सी.ला आम्हाला नागपूरला एका प्रयोगशाळेत नेलं होतं. तिथं काचेआडून मास स्पेक्ट्रोमीटर पाहिलं. सर म्हणाले, यात कोणतं विष आहे ते हे मशीन सांगतं. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. मला यातच संशोधन करायचं आहे. पण मशीनला कधी हात लावला नाही, इंग्रजी कच्चं. पुण्यात तीन महिन्यांचा एक कोर्स आहे, फी ८५ हजार. मामा म्हणतात बी.एड. कर. एक स्थळही सांगून आलं आहे. बाबा म्हणतात, "शिक ना बाई, मी कई नाही म्हनलं? पन एवढे पैशे कोन भरन?" पीएच.डी.ला पाच वर्षं जातात म्हणे. मी काय करू? अन् ती बाटली कुठं तपासून मिळेल?

उत्तर

बाई,

८५ हजार भरू नकोस. बाकीचं उत्तर सवडीनं वाच, पण हे आजच घरी सांग, म्हणजे बाबांच्या डोक्यावरचं तेवढं ओझं तरी उतरेल. अशा कोर्समध्ये एका मशीनभोवती वीस-पंचवीस पोरं उभी असतात. एक जण बटण दाबतो, बाकीचे वहीत उतरवून घेतात. मुलाखती घ्यायला बसायचे तेव्हा अशा प्रमाणपत्रांचे गठ्ठे माझ्यापुढे यायचे आणि मी ते उलटूनही बघायची नाही. मशीन चालवायचं शिकायला कामावर लागल्यावर पंधरा दिवस पुरतात. कंपनीचा इंजिनिअर येऊन शिकवतो, त्याला चहा पाजला की झालं.

मी आर्वी तालुक्यातली. पस्तीस वर्षं याच धंद्यात काढली, बहुतेक काळ फळं, भाज्या आणि डाळींतले कीटकनाशकांचे अंश शोधण्यात. म्हणून तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं: 'यात कोणतं विष आहे ते हे मशीन सांगतं.' नाही सांगत. ते वजन करतं. रेणूवर विद्युतभार चढवायचा, निर्वात नळीत त्याला पळवायचा आणि वजनाप्रमाणे वेगळा काढायचा. शंभर वर्षांपूर्वी केंब्रिजला थॉमसननं निऑनचे २० आणि २२ असे दोन वजनांचे अणू वेगळे करून दाखवले. त्याच्या हाताखालच्या ॲस्टननं १९१९ मध्ये त्याचं नीट यंत्र केलं आणि १९२२ चं नोबेल नेलं. आज मशीनची किंमत कोटीच्या वर गेली, मूळ काम तेच आहे.

तुझ्याच वावरातलं उदाहरण घेऊ. मावा-तुडतुड्यांवर मारतात ते इमिडाक्लोप्रिड. मशीनमध्ये त्याला एक प्रोटॉन चिकटतो आणि आलेखात शिखर येतं २५६ वजनावर. पण ते एकटं नसतं. दोन घरं सोडून २५८ वर दुसरं दिसतं, पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश उंचीचं. का? रेणूत एक क्लोरीन आहे, आणि निसर्गातल्या दर चार क्लोरीन अणूंपैकी तीन ३५ वजनाचे तर एक ३७ चा. आता २५६ चा रेणू मशीनमध्येच वायूवर आपटून फोडला की तुकडे पडतात, त्यातला एक १७५ चा. वजाबाकी कर: ८१. म्हणजे नायट्रो गट ४६ आणि क्लोरीन ३५, दोन्ही सुटले. मग २५८ फोडून बघ. तिथंही १७५ च येतो, कारण जड क्लोरीन होता तोच निघून गेला. वजाबाकी तिसरीतली आहे, पण ती पहिल्यांदा माझी मला जुळली त्या दिवशी मी जेवायचं विसरले होते.

या सगळ्यावरूनही मशीनला विचारता येतं ते एवढंच की 'इथे इमिडाक्लोप्रिड आहे का?' शुद्ध इमिडाक्लोप्रिड शेजारी चालवून, ते किती मिनिटांनी बाहेर येतं ते जुळवून, दोन तुकड्यांचं आपसातलं प्रमाण तपासून मग 'हो' म्हणायचं. 'हे काय आहे?' असा मोघम प्रश्न टाकलास तर मशीन संगणकातल्या यादीतून एखादं नाव फेकेल, आणि ते नाव चुकीचं असण्याची शक्यता भरपूर. डॉक्टरांनी तुमच्या घरच्यांना विचारलेला प्रश्न नेमका दुसऱ्या जातीचा होता. तो फार अवघड प्रश्न आहे, आणि तो तुला नववीत मिळाला. बरेच जण पीएच.डी.ला लागल्यावर दोन वर्षं प्रश्नच शोधत बसतात.

हे काम किती बारीक, तेही ऐक. ज्या कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नसते, त्याला अन्नात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लावतात. दहा क्विंटल तुरीत दहा मिलिग्रॅम. तुरीचा एक दाणा साधारण शंभर मिलिग्रॅमचा. म्हणजे दहा क्विंटलच्या ढिगात एका दाण्याचा दहावा तुकडा, आणि तो हुडकून त्याचं वजनही सांगायचं. मशीन हे करतं, त्यात मला शंका नाही. शंका मशीनच्या अलीकडे असते, आणि माझी पस्तीस वर्षं अलीकडेच गेली.

कामाला लागून वर्षभर झालं असेल. डाळीच्या अर्कात मला १४९ वर एक मोठं शिखर दिसलं. यादीतल्या कुठल्याच कीटकनाशकाशी जुळेना. मला वाटलं, एखाद्या औषधाचा विघटन होऊन झालेला नवा पदार्थ सापडला. आठ दिवस त्याच्या मागे. चार पानांचं टिपण लिहिलं, रचनेचं चित्र काढलं, साहेबांकडे न्यायला फाइलसुद्धा नवी आणली. आमच्याकडे एक जुने तंत्रज्ञ होते, बारावी शिकलेले. फाइल बघून त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, कोरा चालवला का?"

कोरा म्हणजे डाळ न घालता बाकी सगळं तेच करून चालवलेला नमुना. मी चालवला नव्हता. चालवला, तर त्यात १४९ चं शिखर डाळीतल्यापेक्षा मोठं. ते प्लास्टिक मऊ करायला घालतात त्या थॅलेटचं होतं, माझ्या धुण्याच्या बाटलीतून आलेलं. या धंद्यातल्या प्रत्येकाला १४९ एकदा तरी फसवतो हे मला मागाहून कळलं. ती फाइल मी लाइटबिलं ठेवायला वापरली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, कारण ती तुझ्याकडची आहे. एका हंगामात कपाशीच्या पट्ट्यातून तुरीच्या शेंगांचे नमुने आले. बारा शेतं, त्यातली तीन अजिबात न फवारलेली, तुलनेसाठी घेतलेली. बाराही नमुन्यांत प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक निघालं. न फवारलेल्या तिन्हीतही. कोरा स्वच्छ, मशीन स्वच्छ. प्रयोगशाळेत चर्चा सुरू: वाऱ्यानं उडून आलं असेल, पाण्यातून आलं असेल. कुणी तर त्यावर शोधनिबंध लिहायच्या गोष्टी करू लागलं. मी नमुने आणणाऱ्या पोराला बोलावलं आणि विचारलं, पिशव्या कशातून आणल्यास? तो म्हणाला, चुंगडीतून, म्हणजे पोत्यातून. चुंगडी कुठली? धुऱ्यावरची. त्यात आधी काय होतं? पंप.

हा प्रश्न माझ्या शहरातल्या सहकाऱ्यांना सुचला नाही याचं कारण ते हुशारीत कमी होते असं मुळीच नाही. फवारणीचा पंप रिकामा झाला की तो चुंगडीत टाकून बंडीवर ठेवतात, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. तू ते रोज पाहतेस. कृषी केंद्रवाला चिठ्ठीवर काय लिहून देतो, एका पंपात तीन-तीन, चार-चार औषधं कशी कालवतात, कोणत्या बाटलीच्या झाकणानं मोजतात, उरलेलं कुठे ओततात, हे तुला पाठ आहे. मशीनची ओळख पंधरा दिवसांत होते म्हटलं ना, ही ओळख पंधरा वर्षांत होते आणि ती तुझी झालेली आहे. मुलाखतीत 'मी ग्रामीण भागातली असल्यामुळे' अशी सुरुवात करून माफी मागत बसू नकोस. चुंगडीचा प्रश्न विचार.

आता २०१७ बद्दल. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती, अंगभर फवारा उडायचा, आणि यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर त्या हंगामात विषबाधेनं गेले. तुझ्या काकांची तू लिहिलेली लक्षणं, घाम, लाळ, उलट्या, ही ऑरगॅनोफॉस्फरस गटाची ठळक लक्षणं आहेत. मज्जातंतूचा निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक एन्झाइम शरीरात असतं. ही औषधं त्यालाच धरून ठेवतात, मग निरोप पुसलाच जात नाही आणि ग्रंथी, स्नायू सगळे एकसारखे चालत राहतात. त्यावर ॲट्रोपिन देतात. पण पंपात पायरेथ्रॉइड किंवा डायफेन्थियुरॉनसारखं दुसऱ्याच जातीचं औषध असेल तर ॲट्रोपिन त्याच्यावर उतारा नाही. डॉक्टर नाव का विचारत होते ते यावरून कळेल. ते अहवालाची वाट बघत थांबत नाहीत, लक्षणं बघून उपचार सुरू करतात आणि तेच बरोबर आहे. पण मिश्रण असेल तर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी काय करायचं, तिथे नाव उपयोगी पडतं.

ऑरगॅनोफॉस्फरस औषधं आणि युद्धातले विषारी वायू एकाच घराण्यातले, हे तुला ठाऊक असेल-नसेल. १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ट श्रेडर हा रसायनज्ञ कीटकनाशकच शोधत होता, आणि त्याच्या हाती लागला टॅबून. त्याच घराण्यातला पुढचा सरिन. म्हणून रासायनिक अस्त्रं ओळखणाऱ्या प्रयोगशाळा आणि आमच्या डाळी तपासणाऱ्या प्रयोगशाळा यांची विद्या एकच आहे. रासायनिक अस्त्रबंदीचा करार १९९७ पासून लागू आहे, त्याची संस्था हेगला आहे, २०१३ चं शांततेचं नोबेल तिला मिळालं. ती संस्था जगभरच्या प्रयोगशाळांना अनोळखी नमुने पाठवून परीक्षा घेते. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं, आणि नमुन्यात नसलेलं रसायन 'आहे' म्हणून कळवलंत तर सरळ नापास. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेनं या परीक्षा देऊन मान्यता मिळवली. तिथेही एम.एस्सी. रसायनवाले लागतात.

आणि एक दिशा आहे, जी मी तरुण असते तर धरली असती. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स यांच्या गटानं २००४ मध्ये असं दाखवलं की नमुना वाटायचा-गाळायचा सगळा खटाटोप न करता भारित द्रावकाचा बारीक फवारा थेट वस्तूच्या पृष्ठभागावर मारला तरी तिथले रेणू उचलून मशीनमध्ये नेता येतात. फवारणीच! २०१० मध्ये त्याहून साधी युक्ती आली: त्रिकोणी कागदाचा तुकडा, त्यावर रक्ताचा थेंब, वरून थोडं द्रावक, कागदाला उच्च दाबाची वीज, आणि टोकातून आयन, म्हणजे भारित रेणू, बाहेर. आता विचार कर. ग्रामीण रुग्णालयात रुग्ण आला, थेंब कागदावर घेतला, वाळवला, पाकिटात घालून नागपूरला धाडला. त्या कागदावर प्रोफेनोफॉस किती तास टिकतं? आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात एसटीतून गेला तर? औषध रक्तात सापडलं नाही तरी त्याच्या विघटनाचा तुकडा सापडतो का? हे प्रश्न मी आत्ता टेबलाशी बसून लिहिले. तुला घरी बसून याहून चांगले सुचतील.

वयाची आणि डिग्रीची भीती तुझ्या पत्रात ओळीओळीला आहे. जॉन फेन नावाचे एक गृहस्थ येल विद्यापीठात होते. विद्युत-फवाऱ्यानं मोठमोठे रेणू न मोडता मशीनमध्ये नेण्याची पद्धत त्यांनी उभी केली ती निवृत्तीच्या वयाला टेकलेले असताना, आणि २००२ चं नोबेल घ्यायला गेले तेव्हा ८५ वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांच्यासोबत जपानचे कोइची तानाका होते. वय ४३, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची नुसती पदवी, एका उपकरण कंपनीत नोकरी. १९८५ मध्ये त्यांनी कोबाल्टच्या भुकटीत ॲसिटोनऐवजी चुकून ग्लिसरीन ओतलं. भुकटी महाग, फेकायची कशी, म्हणून तेच मिश्रण वापरून पाहिलं आणि चाललं. 'फेकून कायले देता, राहू द्या' म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. मात्र तानाकांचं उदाहरण देऊन पीएच.डी. टाळू नकोस. त्यांच्यामागे कंपनीची प्रयोगशाळा होती. तुझ्यामागे पाच एकर कोरडवाहू आहे.

तर मार्ग. सीएसआयआर-यूजीसी नेट, रसायनशास्त्राचा पेपर, वर्षातून दोनदा. त्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती, मिळाली तर सध्या महिन्याला ३७ हजार आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी ४२ हजार. बाबांना 'शिकायचं आहे' असं सांगू नकोस, हा आकडा सांग. पोरगी पाच वर्षं शिकतेय म्हटलं की बापाला खर्च दिसतो. पाच वर्षं पगार घेतेय म्हटलं की वेगळं दिसतं, आणि ते खोटंही नाही. गेटही दे, अभ्यास बराचसा तोच. जेआरएफ हुकली तर सारथी, महाज्योती, बार्टी या राज्य सरकारच्या संस्थांपैकी जिथे तू बसत असशील तिथे पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती आहे. महाज्योतीचं तर मुख्य कार्यालयच नागपूरला आहे, एक एसटी.

नेटचा अभ्यास चालू असतानाच प्रकल्प सहायकाच्या जागांवर डोळा ठेव. नागपूरला नीरी आहे, १९५८ पासूनची, हवा-पाणी-मातीतली प्रदूषकं हाच तिचा विषय. नागपूरलाच कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संस्था. अकोल्याला कृषी विद्यापीठ. पुण्याला मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र, ज्यानं निर्यातीच्या द्राक्षांतले अंश तपासायची घडी देशात बसवली, आणि एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. हैदराबादला आयआयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था, यवतमाळहून फार लांब नाही. प्रकल्पाची जागा तात्पुरती असते, कधी अकरा महिन्यांची, कधी निधी उशिरा येतो आणि दोन महिने पगार नाही. हे आधीच माहीत असू दे. पण तिथे मशीनला हात लागतो, आणि ८५ हजार द्यायच्याऐवजी मिळतात.

गाइड निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची यादी बघण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांना गाठ, चहाच्या टपरीवर. विचार: मशीन गेल्या वर्षात किती महिने बंद होतं? देखभालीचा वार्षिक करार कोण भरतं? एका मशीनवर किती जण? गेल्या पाच वर्षांत किती जण पीएच.डी. होऊन बाहेर पडले? मी अशी प्रयोगशाळा पाहिली आहे जिथे खंडेनवमीला मास स्पेक्ट्रोमीटरला हार घातला होता आणि पुढच्या खंडेनवमीला तोच वाळलेला हार काढून नवा घातला. मधल्या वर्षात कुणी बटण दाबलं नव्हतं, कारण मशीनच्या निर्वात पंपाच्या दुरुस्तीचे पैसे मंजूर नव्हते. अशा ठिकाणी पाच वर्षांची आठ होतात.

तोवर घरी काय? मोबाइल आहेच. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेचं रसायनांचं वेबबुक फुकट आहे, त्यात हजारो रेणूंचे वर्णपट, म्हणजे शिखरांचे आलेख, आहेत. लिमोनीनपासून सुरू कर, म्हणजे संत्र्याच्या सालीतला वास. रेणूचं वजन १३६, सर्वात उंच शिखर ६८, बरोब्बर निम्मं. का निम्मं, ते पेन्सिलीनं रेणू काढून शोध. डील्स-आल्डर अभिक्रिया उलटी चालली असं पुस्तकात सापडेल, पण आधी पुस्तक उघडू नकोस. मग रोज एक कीटकनाशक. संध्याकाळी त्याबद्दल पाच ओळी इंग्रजीत लिही. चुकतमाकत लिही. इंग्रजीचा एवढाच इलाज मला माहीत आहे, माझंही असंच सुधारलं, आणि अजूनही 'द' कुठे लावायचा ते मला धड कळत नाही.

बी.एड.बद्दल मी वाईट बोलणार नाही, माझी धाकटी बहीण शिक्षिका आहे. पण बी.एड.लाही दोन वर्षं लागतात आणि त्यानंतर संस्थाचालक काय मागतात हे मामांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यांना तेवढंच विचार. स्थळाचं म्हणशील तर मुलाला स्वतः भेट आणि सांग की पुढची काही वर्षं मी नागपुरात किंवा हैदराबादला असणार, रात्री मशीन चालू असेल तर मी प्रयोगशाळेत असणार. ऐकून तो काय म्हणतो ते बघ. माझे यजमान पहिल्या भेटीत म्हणाले होते, "मग जेवणाचं काय?" मी म्हटलं, तुम्हाला येतं का? त्यांना येत होतं. घरच्यांकडून नेटच्या दोन प्रयत्नांएवढी मुदत मागून घे, वर्ष-सव्वा वर्ष, आणि ती पाळ. मुदत नसलेली सवलत घरात कुणालाच झेपत नाही.

आता बाटली. ती उघडू नकोस. वाससुद्धा घेऊ नकोस. इतकी वर्षं पत्र्याखालच्या उकाड्यात राहिलेलं औषध मूळचं राहत नाही, आणि जुनं झालं म्हणजे निकामी झालं असंही नसतं. १९७६ मध्ये पाकिस्तानात हिवतापाच्या फवारणीसाठी आणलेलं मॅलॅथिऑन साठ्यात असतानाच त्यातलं काही आयसोमॅलॅथिऑन झालं होतं, आणि ते मूळ औषधाचं विष कितीतरी पटीनं वाढवतं. फवारणारे मजूर शेकड्यांनी आजारी पडले, काही दगावले. तेव्हा हातमोजे घालून बाटली दोन जाड पिशव्यांत बांध, बाहेर 'विष' लिही, आणि गुरांच्या ढेपेपासून, धान्यापासून लांब, कुलपात ठेव. कुठल्याही खाजगी प्रयोगशाळेला पैसे देऊन तपासायला पाठवू नकोस. आज त्यात जे निघेल ते त्या रात्री काकांच्या अंगात काय गेलं हे सांगणार नाही. बाटली त्याच दिवसाची होती का, हेही तुला खात्रीनं माहीत नाही.

काका मात्र आहेत. हात थरथरतो, पण आठवण शाबूत असेल. या रविवारी त्यांच्याजवळ वही घेऊन बस आणि विचार: दिवस कोणता होता, पोळ्याच्या आधी की नंतर? कोणत्या वावरात? पंप हाताचा की पेट्रोलचा? पऱ्हाटी कुठवर आली होती? किती पंप मारले? कृषी केंद्रातून काय-काय आणलं होतं, बाटलीचा रंग कोणता, वास कसा? पाणी कुठून घेतलं? औषध कशानं ढवळलं, काडीनं की हातानं? जेवायला किती वाजता बसले आणि हात धुतले ते कशात? त्यांच्या शब्दांत लिही, 'मंग', 'हाओ' सकट. वर तारीख घाल, खाली तुझी सही, त्यांचा अंगठा नको, त्यांनाही सही करायला सांग. कितीही थरथरली तरी चालेल.